सासऱ्यांची वाडी आणि तोंडावर आलेला नाताळ

पत्राचा सारांश: वसईच्या पश्चिमेकडील एका गावात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्या सकाळी सातच्या लोकलने नोकरीसाठी मुंबईला जातात आणि घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. घरामागे सुमारे तीन गुंठ्यांची वाडी आणि जुनी विहीर आहे. वाडी सासरे कसत असत. नाताळच्या जेवणाला घरची भाजी आणि ख्रिस्तजन्माच्या गोठ्यात त्यांच्या हातची हिरवी रुजवण (थाळीत उगवलेली धान्याची कोवळी पाती), हा घराचा शिरस्ता होता. गेल्या जुलैत सासरे वारले. नोव्हेंबरच्या मध्यावर या भगिनीने मेथी, मुळा, टोमॅटो आणि वांगी यांचे बी पेरले. मेथी पिवळी पडून बसली, टोमॅटोची रोपे वीतभरही झालेली नाहीत आणि सासऱ्यांनीच जूनमध्ये लावलेल्या वालपापडीच्या शेंड्यांवर काळा मावा आला आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या गाड्यांसाठी नाताळपूर्वीच अर्ध्या वाडीत पेव्हर ब्लॉक घालावेत, असे पती आणि दीर म्हणतात. घरात दुःख आहे, म्हणून यंदा गोठा करू नये, असे नणंदेचे म्हणणे आहे. सासूबाई काहीच बोलत नाहीत. भगिनी विचारतात, ‘वाडी सांभाळण्यात मी कमी पडले. ती ठेवण्याचा माझा हट्ट चुकीचा आहे का? आणि यंदा गोठा करावा की नाही?’

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले आणि प्रत्येक वेळी ‘मी कमी पडले’ या एका वाक्यापाशी थांबले, कारण तुमचे बाकीचे सगळे प्रश्न त्याच वाक्यावर उभे आहेत. वाडी ठेवावी की नाही, फरशी घालू द्यावी की नाही, गोठा करावा की नाही, या प्रत्येक ठिकाणी तुम्ही आधी स्वतःला दोषी ठरवता आणि मग इतरांचे म्हणणे मान्य करण्याच्या तयारीला लागता. म्हणून आधी तो दोष खरा आहे का, हे पाहू या.

टोमॅटोचे बी टाकल्यापासून रोप लावणीजोगे व्हायला साधारण 25 ते 30 दिवस लागतात आणि लावणीनंतर पहिले फळ पिकायला आणखी 60 ते 70 दिवस. नोव्हेंबरच्या मध्यावर टाकलेल्या बियांचा टोमॅटो फेब्रुवारीपूर्वी लाल होणे शक्य नाही, मग त्याची निगा कोणीही राखो. वांग्याचा हिशेबही जवळपास असाच आहे. नाताळला तुमच्या ताटात घरचा टोमॅटो येत असे, कारण सासरे पाऊस ओसरू लागला की, म्हणजे सप्टेंबरमध्येच, गादीवाफ्यावर रोपे टाकत असणार आणि ऑक्टोबर उजाडताच लावणी उरकत असणार. त्या दिवसांत तुमच्या घरात काय परिस्थिती होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोपे मागे पडलेली नाहीत, ती आपल्या वयानुसारच वाढत आहेत. तुम्ही मात्र त्यांना दीड-दोन महिने आधी लावलेल्या, दिवसभर माणूस जवळ असलेल्या वाडीच्या शेजारी उभे करून पाहता आहात.

मेथीचे कारण वेगळे आहे आणि ते तुमच्याच पत्रात सापडते. घरी आल्यावर, जेवणे उरकून, रात्री नऊच्या सुमारास तुम्ही पाइपने वाफे भरून पाणी देता, असे तुम्ही लिहिले आहे. डिसेंबरात किनारपट्टीवर रात्री दव पडते, माती लवकर सुकत नाही आणि दाट पेरलेल्या कोवळ्या मेथीची मुळे रात्रभर पाण्यात राहिली की ती बुडापासून सडते. पाणी सकाळी, निघण्यापूर्वी द्या, तेही रोज नव्हे. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहा. आत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी देऊ नका. वाफ्यांवर वाळलेल्या केळीच्या पानांचे किंवा पेंढ्याचे आच्छादन घातलेत, तर या थंडीत एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड पाणी पुरते. नोकरी करणाऱ्या माणसाला वाडी जमत नाही, ही समजूत बहुतेक वेळा रोज पाणी घालण्याच्या धास्तीतून येते आणि आच्छादनाने ती धास्ती बरीच कमी होते.

वालपापडीविषयी तुम्ही फार हळवेपणाने लिहिले आहे आणि ते मी समजू शकते. त्यांनी लावलेला तो शेवटचा वेल आहे. तो वाचण्यासारखा आहे. मावा नेहमी कोवळ्या शेंड्यांवर आणि फुलोऱ्याच्या देठांवर बसतो. जे शेंडे काळे आणि चिकट झाले आहेत ते खुडून पिशवीत घालून वाडीबाहेर टाका. उरलेल्या वेलावर पाण्याचा जोरदार फवारा मारा, त्यानेच बराचसा मावा गळून पडतो. त्यानंतर एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल, ते पाण्यात मिसळावे म्हणून साबणाच्या पाण्याचे काही थेंब, असे मिश्रण ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा आणि आठवड्याने पुन्हा एकदा करा. वेलावर मुंग्यांची रांग दिसते का, तेही पाहा. माव्याच्या अंगातून गोड चिकट पाझर येतो, त्यासाठी मुंग्या त्याला जपतात, म्हणून मांडवाच्या खांबांवरून त्यांची वाट बंद करणे हा अर्धा उपाय आहे. लालसर, ठिपक्यांचे गोलसर भुंगेरे दिसले, तर त्यांना हात लावू नका, कारण ते मावा खातात. टोमॅटोच्या एखाद्या रोपाची पाने मात्र आखडून, वाटीसारखी वळून बारीक राहिली असतील आणि रोपाची वाढ खुंटली असेल, तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू असण्याची शक्यता आहे. त्यावर औषध नाही. असे रोप इतरांना लागण होण्याआधी उपटून टाका आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

आता वाडीच्या आकाराकडे येते. तीन गुंठे ही काही लहान जागा नव्हे आणि ती सगळी लागवडीखाली असलीच पाहिजे, असे तुम्ही धरून चालला आहात. असे कोणी ठरवले? ज्यांनी ती तशी ठेवली त्यांचा तो दिवसभराचा व्यवसाय होता, त्यांच्या आयुष्याची घडीच तिच्याभोवती बसलेली होती. तुम्हाला सकाळची वीस मिनिटे आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतरचा (उपासनेनंतरचा) तासभर मिळतो. तेवढ्यात विहिरीजवळचे दोन वाफे आणि वालाचा मांडव नीट होतो. उरलेल्या जागेत केळी आहेत, नारळ आहेत, ती झाडे तुमच्याकडून फारसे काही मागत नाहीत. मोकळ्या वाफ्यांवर पाचोळा पसरून ठेवा. ती जमीन पडीक पडली असे मुळीच होत नाही. पाचोळा कुजून पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथली माती भुसभुशीत होईल आणि वर्षभर तिला विश्रांती मिळेल. दोन वाफे मनापासून करणे हे सहा वाफे अपराधी भावनेने करण्यापेक्षा चांगले, हे मी तुम्हाला ठामपणे सांगते.

तरीही नाताळच्या जेवणात घरचे काहीतरी असावे, ही तुमची इच्छा मला महत्त्वाची वाटते आणि ती अजून पुरी होऊ शकते. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत पिकवतात ती समुद्रमेथी तुम्हाला ठाऊक आहे. बोटभर वाढली की मुळांसकट उपटून तिच्या लहान जुड्या बाजारात येतात. तीच पद्धत घरी करता येते. उथळ पसरट भांड्यात किंवा फळांच्या खोक्यात, तळाला भोके ठेवून, धुतलेली वाळू आणि थोडे शेणखत मिसळून भरा, रात्रभर भिजवलेली मेथी दाट पेरा आणि वर वाळूचा पातळ थर द्या. अशी मेथी दोन आठवड्यांत काढणीला येते. वाफ्यातला मुळाही तपासून पाहा. त्याला 40 ते 50 दिवस लागतात, तेव्हा तो वर्षअखेरीस तयार होईल आणि त्याची कोवळी पाने त्याआधीच भाजीला मिळतील.

यापेक्षा अवघड प्रश्न पेव्हर ब्लॉकचा आहे. तुमच्या पतींचा आणि दिरांचा विचार मी वाईट म्हणत नाही. पाहुणे यायचे आहेत, गावातल्या अरुंद रस्त्यावर गाडी लावली की शेजाऱ्यांशी कुरबुर होते, ही अडचण खरी आहे. शिवाय, हे मी सावधपणे लिहिते, वडील ज्या जागी रोज वाकलेले दिसत ती जागा रोज रिकामी पाहणे मुलांना असह्य होत असेल, अशीही एक शक्यता आहे. तुम्ही तुमचे दुःख वाडी करून सोसता आहात, ते कदाचित ती वाडी नजरेआड करून सोसू पाहत आहेत. तुमचा वाद गाडीच्या जागेपुरता आहे की त्याच्या मुळाशी हे आहे, हे एकदा पतींना शांतपणे विचारा.

पण निर्णयापुरते बोलायचे तर माझे मत स्पष्ट आहे: नाताळपूर्वी फरशी घालू नका. वाफा एका हंगामात पुन्हा उभा करता येतो, परंतु खडी-रेतीचा थर देऊन, धुम्मस करून घट्ट केलेली जमीन पुन्हा लागवडीला आणायला वर्षे जातात. पाहुणे राहणार दोन-तीन आठवडे. शिवाय तुमच्या भागात या प्रश्नाला पाण्याची बाजू आहे. वसईच्या किनारपट्टीवर जमिनीतले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून असते. पाऊस जमिनीत मुरला तर ते टिकते, उपसा वाढला आणि मुरणे थांबले की विहिरी मचूळ होतात. पूर्वजांनी गावोगाव बावखले (लहान तळी) खणली आणि राखली, त्यांचा बागायतीला पाणी पुरवण्याइतकाच पाणी मुरवण्याचाही उपयोग होता. जुलै 2018 मध्ये वसई-विरारमध्ये पाणी साचून दिवसेंदिवस वीज नव्हती, हे तुम्ही भोगलेले असेल. मोकळी जमीन बुजत गेली की पावसाला जायला जागा उरत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने ज्या हिरवाईसाठी लढा दिला, ती शेवटी अशा घरामागच्या दोन-तीन गुंठ्यांचीच बनलेली आहे. तुमची वाडी ठेवण्याची इच्छा हा हट्ट नाही, हे दिरांसमोर बोलताना तुम्हाला यावरून सांगता येईल.

नुसते ‘नाही’ म्हणू नका, मात्र पर्याय ठेवा. नाताळच्या दिवसांपुरती गाडी कोणा शेजाऱ्याच्या अंगणात किंवा धर्मग्रामाच्या (चर्चच्या) मोकळ्या जागेत लावता येईल का, ते आत्ताच विचारून ठेवा, कारण 20 तारखेनंतर जो तो आपल्या पाहुण्यांत गुंतलेला असेल. कायमची सोय हवीच असेल, तर सगळी जागा झाकण्याऐवजी चाकांपुरत्या दोन पट्ट्या घालाव्यात आणि मधली माती उघडी ठेवावी. गाडी नीट उभी राहते आणि पाणीही मुरते. पण तो निर्णयसुद्धा सासऱ्यांच्या वर्षाच्या मिस्सेनंतर, सगळे भावंडे शांतपणे बसून घ्या. ज्या घरात जुलैत मृत्यू झाला, तिथे डिसेंबरच्या घाईत जमिनीबद्दल न बदलता येणारे काही ठरू नये, असे मला मनापासून वाटते.

या सगळ्यात एका व्यक्तीला कोणी काही विचारलेलेच नाही. सासूबाई काही बोलत नाहीत, असे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात, पण त्याच पत्रात दुसरीकडे तुम्ही सांगता की त्या रोज सकाळी विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. बी कधी टाकायचे, कोणत्या वाफ्यात ओल टिकते, वालाला शेंग कधी धरते, हे इतकी वर्षे नवऱ्याच्या सोबतीने पाहिलेल्या बाईला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. त्यांच्याकडून काम करून घेण्याचा हा प्रश्न नव्हे. त्यांना विचारा. ‘आई, बाबा मेथीला पाणी कधी देत?’ एवढा साधा प्रश्न पुरे. वाडी ठेवावी की नाही, हे थेट विचारले तर ‘तुम्ही ठरवा’ म्हणतील, पण पाण्याविषयी विचारले तर सांगतील, आणि त्या सांगण्यातून त्यांचे मन तुम्हाला कळेल.

त्यातूनच गोठ्याच्या प्रश्नाकडे जाता येते. नणंदबाईंचे म्हणणे मी तोडून टाकणार नाही. दुःख असलेल्या घरात रोषणाई, ताऱ्याचा कंदील, मोठ्या मेजवान्या नकोशा वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यांनी वडील गमावले आहेत. परंतु रोषणाई आणि गोठा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 मध्ये ग्रेचिओ गावात ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हा त्यात गवत, गव्हाणी, बैल आणि गाढव एवढेच होते. ती सजावट नव्हती, लोकांना बाळ येशूच्या गरिबीपाशी उभे करण्याची ती रीत होती. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचे चार आठवडेही मुळात प्रतीक्षेचे आहेत. वेदीवर जांभळा रंग असतो, मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे आनंदाचे स्तुतिगीत म्हटले जात नाही. दुःखी माणसाला परका वाटेल असा हा काळ नाही. म्हणून कंदील आणि दिव्यांच्या माळा नणंदबाईंच्या भावनेखातर यंदा राहू द्या आणि गोठा लहानसा, आतल्या खोलीत करा, असे सुचवावेसे वाटते. त्यांना तेही पटले नाही, तर एक वर्ष गोठा न होण्याने काही बिघडत नाही. मात्र रुजवण तरीही घाला आणि ती सासऱ्यांच्या तसबिरीपाशी ठेवा.

रुजवणीची कृती तुम्ही विचारली आहे, ती सविस्तर देते, कारण अनेक वाचकांची ती हमखास बिघडते. नवरात्रात ज्यांच्या घरी घट बसतात त्यांनाही ती ओळखीची वाटेल. 24 तारखेला हिरवीगार हवी असेल तर गहू 14 च्या रात्री भिजत घाला आणि नाचणी असेल तर तिला वाढ कमी, म्हणून दोन-तीन दिवस आधी. बी भाजलेले किंवा जुने, किडलेले नसावे. दुसऱ्या दिवशी पाणी काढून गहू ओल्या फडक्यात बांधून ठेवा, पांढरे मोड टोकाशी दिसू लागले की थाळीत दोन बोटे जाडीची चाळलेली माती आणि शेणखत पसरा, त्यावर दाणे एकमेकांना लागतील इतके जवळ पण एकावर एक न चढतील असे पसरा, वर मातीची अगदी पातळ भुकटी टाका आणि हाताने पाणी शिंपडा. झारीची धार नको, तिने दाणे एका कडेला जमतात. पहिले दोन दिवस ओले गोणपाट झाकून ठेवा. अंकुर उभे राहिले की गोणपाट काढून थाळी सकाळचे ऊन येणाऱ्या ओट्यावर ठेवा. अंधारात ठेवली तर रुजवण उंच वाढते पण पिवळी आणि लोळणारी होते. रोज थाळी अर्धी फिरवा, नाहीतर पाती एका बाजूला झुकतात. बुरशीचा पांढरा कापूस दिसला तर पाणी जास्त होते आहे, असे समजा. हे काम सासूबाई आणि घरातली मुले यांच्याकडे सोपवा. तुम्ही त्यात लक्ष घालू नका, थाळी एखादी वाकडी उगवली तरी चालेल.

शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्या वाचकांनाही हेच लागू पडते. खिडकीच्या कठड्यावर दोन तासांचे ऊन येत असेल तर रुजवण, समुद्रमेथी आणि पुदिना होतो. टोमॅटोला चार-पाच तासांहून अधिक ऊन लागते, तेवढे नसेल तर त्याचा नाद धरू नये.

राहिले घरातले काम. करंज्या, कुलकुल, रव्याचा केक, पडदे, भांडी, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), नव्या कपड्यांची शिलाई, ही तुमची यादी मी वाचली आणि तिच्यात पतींच्या नावापुढे एकही काम नव्हते, हेही पाहिले. कुलकुल वळायला एका संध्याकाळी जावा-नणंदांना आणि मुलांना एकत्र बसवा, हे काम एकटीने करायचे कधीच नव्हते. उरलेला फराळ गावातल्या एखाद्या घरगुती करणाऱ्या बाईकडून घ्या. 25 तारखेच्या आत सगळे आटोपलेच पाहिजे, हेही खरे नाही. धर्मसभेचा नाताळकाळ त्या दिवशी सुरू होतो आणि जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाच्याही पुढे चालतो. एखादी भेट, एखादे गोडधोड जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाले तर ते नाताळातच झाले. परदेशातून येणाऱ्या पुतण्या-भाच्यांच्या हाती सकाळची झारी द्या. आजोबांच्या वाडीत त्यांना काही करायला मिळाले, तर फरशीचा आग्रह धरणाऱ्यांपैकी काही जण आपोआप तुमच्या बाजूने बोलू लागतील, असा माझा अंदाज आहे.

टोमॅटोची निरोगी रोपे चार-पाच पानांची झाली की विहिरीजवळच्या एका वाफ्यात, दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवून, ऊन उतरल्यावर लावा. जास्तीची शेजारी वाटून टाका. सासूबाईंना पाण्याविषयी याच रविवारी विचारा. मेथीचे बी मात्र त्यासाठी थांबवू नका, उद्याच आणा, कारण 10 तारखेच्या आत ती वाळूत पडली तरच नाताळच्या जेवणाला मिळेल.